दुखतं कमरेत, सुरुवात पायापासून

कंबर धरली म्हणून बाई आली की मी आधी तिचे पाय बघते. केजला माझं छोटं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. पेशंट बहुतेक केज, धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ऊसतोडीला जाणारे. बाई कमरेवर हात ठेवून कुठं दुखतं ते दाखवत असते आणि मी तिची टाच हातात धरून पोटरी चाचपत असते. "मॅडम, दुखतंय वर आन् तुमी धरलंय खाली," हे मला इतक्या जणींनी इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी तपासायच्या आधीच सांगून टाकते: दुखणाऱ्या जागेला मी आज हात लावीनच असं नाही.

असं का करते, ते समजायला उसाच्या फडात माणूस कसं उभं राहतं ते बघावं लागतं. मला ते बघायला कुठं जावं लागलं नाही. माझे आईवडील एक कोयता होते, म्हणजे नवराबायकोची एक जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघायचं, कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी बेळगाव-बागलकोटकडं, आणि उन्हाळा लागला की परत यायचं. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. वर खुंट राहिला तर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे फडावर लक्ष ठेवणारा माणूस, बोलतो. त्यामुळं माणूस कमरेत पार दुमडलेला असतो. डाव्या हातात ऊस, उजव्या हातात कोयता, गुडघे जवळपास ताठ. बसून ऊस तोडता येत नाही आणि उभ्यानंही येत नाही. मग पाचट काढायचं, शेंडा उडवायचा, वाढ्यानं मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. मोळीचं वजन उसागणिक बदलतं, पण वीस-पंचवीस किलो तर सहज भरतं. फळी चढताना मान ताठ धरावी लागते आणि सगळा जोर पोटऱ्यांवर येतो. गाडी रात्री दोनला आली तर भरणी रात्री दोनला. ती झाली की कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, अंग मुडपून झोपायचं आणि पहाटे पुन्हा फडात.

अशा माणसाच्या मांडीच्या मागचे स्नायू दगडासारखे लागतात. ते आखडले की पुढं वाकताना खुबा पुरता दुमडत नाही. खुब्यानं करायचं काम मग कमरेच्या मणक्यांवर पडतं. कंबर दुखते ती दुसऱ्याची वेठ वाहून. मी कितीही मालिश केली, शेक दिला, तरी खुबा मोकळा झाला नाही तर फडात पहिल्याच सरीला कंबर पुन्हा धरणार. हे कॉलेजात शिकलेलं होतं आणि समजायलाही सोपं होतं, कारण मांडी आणि कंबर शेजारी शेजारी आहेत. मला जे नवीन कळलं ते याच्या पुढचं, आणि ते एका पेशंटमुळं कळलं.

धारूर तालुक्यातली पस्तिशीच्या आसपासची बाई होती. मोळ्या वाहून मान धरलेली. हनुवटी छातीकडं न्यायला सांगितली तर मधे माझी चार बोटं सहज मावत होती, आणि तिथंच ती "आई गं" म्हणून थांबायची. मानेला बोट लावू देत नव्हती. गावात कुणीतरी मान मोडून द्यायचा प्रयत्न केला होता, त्याची तिनं धास्ती घेतली होती. घाबरलेल्या माणसाच्या मानेशी झगडण्यात अर्थ नसतो. मी तिला उताणं निजवलं, तिच्याच जुन्या साडीची पट्टी तळपायाला अडकवली आणि एक एक पाय सरळ वर उचलून पोटरी आणि मांडीमागचे स्नायू ताणायला लावले. अर्धा अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. श्वास रोखायचा नाही. दोन्ही पायांचं झाल्यावर तिला बसवलं आणि सहज म्हणून पुन्हा हनुवटी खाली न्यायला सांगितलं. मधे दोन बोटं राहिली. मान मी धरलीसुद्धा नव्हती.

तिला त्याचं फार नवल वाटलं नाही. म्हणाली, "पदर खिळ्याला अटकला की ओढ निऱ्यांना बसतीच की." मला मात्र रात्रभर त्याचाच विचार होता.

नंतर वाचत गेले तसं कळलं की हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. जर्मनीत फ्रँकफर्टच्या गोएथे विद्यापीठात यान विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलंय. निरोगी माणसांच्या फक्त पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू ताणले आणि मानेची हालचाल मोजली. ती वाढली होती. २०१७ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात पाय ताणणाऱ्यांची मान आणि थेट मान ताणणाऱ्यांची मान यांची तुलना होती. दोन्ही गटांत हालचाल वाढली आणि दोघांत फारसा फरक निघाला नाही. हे वाचलं तेव्हा मला धारूरच्या त्या बाईची चार बोटं आठवली.

यामागं काय असतं, याची तीन उत्तरं दिली जातात. पहिलं त्या बाईच्या पदरासारखंच आहे. स्नायूवर एक पातळ, चिवट आवरण असतं. ते एका स्नायूपाशी संपत नाही. तळपायापासून पोटरी, मांडीचा मागचा भाग, माकडहाड, पाठीचे लांब स्नायू आणि डोक्यावरून पार भुवयांपर्यंत एक सलग पट्टा मानता येतो, अशी मांडणी थॉमस मायर्स यांनी २००१ साली आपल्या पुस्तकात केली. खालचं टोक सैल केलं की वरही थोडी सैल पडते, असं हे म्हणणं.

दुसरं उत्तर नसांचं आहे, आणि ते ज्याला त्याला घरी खुर्चीत बसून अनुभवता येतं. पाठीला पोक काढून बसा, हनुवटी छातीला लावा आणि एक गुडघा हळूहळू सरळ करा. एका जागी मांडीच्या मागं ओढ लागून पाय थांबेल. पाय तिथंच धरून फक्त डोकं वर उचला. पाय आणखी थोडा सरळ होतो. मांडीचा स्नायू मानेला कुठंच जोडलेला नाही. पण मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली येणाऱ्या मज्जारज्जूवरचं आवरण आणि पायात उतरणाऱ्या नसा सलग आहेत. मान वाकवली की ती सगळी दोरी ताणते, मान उचलली की ढिली होते. ऑस्ट्रेलियातले जेफ्री मेटलंड यांनी १९७०च्या दशकात ही तपासणी मांडली आणि आज जगभर फिजिओथेरपिस्ट ती वापरतात. म्हणूनच पाय ताणताना मी बायकांना मान खाली घालू देत नाही. समोर भिंतीकडं बघा म्हणते. मान घालून ताणलं तर स्नायूऐवजी नसेला ओढ बसते, आणि जिची नस आधीच दबलेली आहे तिचा पाय रात्रभर ठणकतो.

तिसरं उत्तर मला सगळ्यात पटतं. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात डेव्हिड बेम आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं यावर काम करतायत. त्यांना असं दिसलं की खांदे ताणले तर खुब्याची हालचाल वाढते आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू ताणले तर खांद्याची. एक पाय ताणला तर दुसरा, न ताणलेला पायही जास्त वर जातो. आता उजवा पाय आणि डावा पाय एका पट्ट्यात येत नाहीत. वर सांगितलेल्या मागच्या पट्ट्यात खांदा आणि मांडीची आतली बाजूही येत नाहीत. तेव्हा आवरणानं सगळं सुटत नाही. स्नायू पाच मिनिटांत लांब होत नाही, तेवढ्यात वाढते ती ओढ सोसायची तयारी. ही तयारी स्नायूत नसते. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून ठरवतात की इथपर्यंत जाऊ द्यायचं आणि इथं थांबवायचं. एका अवयवाला हळूहळू, श्वास सोडत ओढ दिली आणि काही वाईट घडलं नाही, की शरीराचा पहारा सगळीकडेच जरासा ढिला होतो.

आमच्याकडच्या बायकांच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचं शरीर कायम पहाऱ्यावर असतं. फडात साप निघतो, कोयता निसटतो, फळीवर पाय घसरतो, पोर कोपीत एकटं असतं. उचल फिटलेली नसते. अंग मोकळं सोडावं असा वेळ दिवसात येत नाही. अशा बाईला "मान सैल सोडा" म्हणून सांगितलं तर ती सोडू शकत नाही, आणि त्यात तिचा काही दोष नाही. पाय मात्र ती सोडू शकते. पायाबद्दल तिला भीती नसते. म्हणून दुखणाऱ्या जागेपासून लांब सुरुवात करायची, ही माझी कामाची रीत झाली.

गावाकडं कंबर धरली की काय काय करतात, ते मी लहानपणापासून पाहिलंय. चमक भरली तर पायाळू माणसाची लाथ मारून घेतात. बिब्ब्याचे चटके देतात. मग मेडिकलमधून गोळी, गोळीनं भागलं नाही तर इंजेक्शन, आणि सुई टोचून घेऊन पुन्हा फडात. बिब्ब्यानं कातडी जळून जखमा झालेल्या कमरा मी पाहिल्यात. त्याला मी स्पष्ट नाही म्हणते. पायाळूच्या लाथेचंही तसंच: धरलेल्या कमरेला धक्का देऊ नये. आई मात्र वेगळं करायची. बाप फडातून आला की त्याला पालथं निजवून त्याच्या तळपायांवर टाच देऊन उभी राहायची, हळूहळू भार देत. ती म्हणायची, पाय उतरले की पाठ उतरते. तिला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात तळपायाखाली चेंडू फिरवल्यावर माणसं पुढं जास्त वाकू शकली, हे मी पुढं वाचलं तेव्हा आईची टाच डोळ्यासमोर आली.

आणखी एक पेशंट सांगते. टायरगाडीचा गाडीवान. भरलेली गाडी उतारावर बैलांना आवरली नाही, आणि त्यात डाव्या पायाचं हाड मोडलं. मांडीपासून प्लास्टर. घरच्यांचं म्हणणं, प्लास्टर निघेपर्यंत फिजिओथेरपीचं काय काम? मी त्याला चांगल्या पायाचं काम दिलं. उजवा पाय ताणायचा, उजव्या पायानं जोर लावायचा, दोन्ही खांदे मोकळे ठेवायचे. एका अंगाला सराव दिला की दुसऱ्या अंगाची ताकद वाढते, हे १८९४ साली अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी दाखवलं होतं, त्यामुळं ताकदीच्या बाबतीत ही गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. लवचिकतेच्या बाबतीत अभ्यास अलीकडचे आहेत. प्लास्टर निघाल्यावर त्याचा गुडघा आखडलेला होताच, तो आखडणारच होता. पण खुबा आणि कंबर मोकळी होती, आणि माणूस पाय हलवायला घाबरत नव्हता. घाबरत नसणं हेच पुढच्या महिन्यांत सगळ्यात कामाला आलं.

आष्टी तालुक्यातल्या पोरांसाठी एका क्रीडाशिक्षकांनी मला बोलावलं होतं. त्या तालुक्यात आता ज्याला त्याला स्टीपलचेस पळायचंय, कारण मांडव्याचा अविनाश साबळे. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचा पोरगा, सैन्यात गेला, २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत ३००० मीटर पळून रौप्य घेऊन आला आणि पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि भक्कम लाकडी असतो, पाय लागला तर तो पडत नाही, माणूस पडतो. पोरं बांबू आडवा लावून सराव करत होती. एका पोराचा मागचा पाय दर वेळी बांबूला घासायचा आणि शिक्षक त्याला पाय उचल, पाय उचल म्हणून सांगत होते. मी बाजूनं बघितलं तर त्याचा समोरचा हात पुढं जातच नव्हता. अडथळ्यावर पुढचा पाय गेला की उलट बाजूचा हात पुढं झेपावा लागतो, धड पुढं कलावं लागतं, तेव्हा मागचा पाय बाजूनं दुमडून सुटतो. या पोराचे खांदे आवळलेले होते. सुट्टीत तोही फडात जायचा. त्या दिवशी आम्ही त्याच्या पायाला काहीच केलं नाही, खांदे आणि छाती मोकळी करून घेतली. पुढच्या उड्यांमध्ये बांबू वाजला, पण कमी वेळा. एवढ्यावरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही, पण ते शिक्षक आता पोरांना पळण्याआधी हातही सोडायला लावतात.

कोप्यांवर जाऊन हे शिकवणं क्लिनिकपेक्षा अवघड असतं. कोपीत पाय लांब करून निजायला जागा नसते. बाहेर माणसं असतात, साडीत पाय वर कसा उचलायचा? पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनं करताना पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरायची पद्धत रूढ केली, ज्याला जे जमत नाही त्याला आधार द्यायचा. त्याच विचारानं मी कोपीवरच्या वस्तू शोधत गेले. ट्रॉलीच्या टायरला पंजा टेकवून पोटरी ताणता येते, त्याला निजायची गरज नाही. उलट्या घमेल्यावर बसून एक पाय सरळ पुढं, नजर समोर, इतकं साडीतही जमतं. आणि तळपायासाठी बायकांनीच वस्तू शोधली: उसाचं कांडं. चुलीपाशी भाकरी थापताना पायाखाली कांडं घ्यायचं आणि मागंपुढं फिरवत राहायचं. मला हे सुचलं नसतं. मी फक्त एवढं सांगितलं की कांडं जाड घ्या, डोळा घासून काढा आणि ज्यांना साखरेचा आजार आहे, पायाला मुंग्या आहेत त्यांनी करू नका, कारण जखम झालेली कळत नाही.

या सगळ्याची मर्यादाही मी दर वेळी सांगते. दुसरीकडून आलेला हा मोकळेपणा मोठा नसतो आणि टिकतही नाही. एकदा ताणलं तर फार तर थोडा वेळ राहतो. रोज केलं तर शरीर हळूहळू सवय धरतं. मान मोकळी व्हायला शेवटी मानेचाही व्यायाम लागतोच, पायाची वाट फक्त दार उघडून देते. पायात बधिरपणा वाढत असेल, पंजा उचलता येत नसेल, लघवीवर ताबा राहत नसेल तर ताणाताणी बंद आणि सरळ अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात. तिथं उशीर करू नये. आणि मोळीचं वजन, रात्रीची भरणी, दवाखान्यापासून लांब काढलेले महिने, यांवर कुठल्याच व्यायामाचा इलाज नाही. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर झाली, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातल्या कितीतरी बायकांनी आधी नुसतं पोट आणि कंबर दुखते म्हणूनच दवाखाना गाठला होता. कंबर दुखणाऱ्या बाईकडं पुरता वेळ देऊन बघणारं माणूस जवळपास असायला हवं होतं. मला माझं काम तिथून सुरू होतं असं वाटतं.

गेल्या हंगामात टोळ्या निघायच्या आधी आमच्या गावात मारुतीच्या पारावर बायका गोळा केल्या. तळपाय, पोटरी, मांडी, मग हात वर करून बगल, आणि सगळ्यात शेवटी मान, ती पण स्वतःहून जाईल तेवढीच. म्हाताऱ्या बाया आधी लांबून बघत होत्या, मग त्याही बसल्या. एकीनं विचारलं, गडी माणसांना कोण सांगणार? त्यांना मोळीही उचलायची आणि बायकोला डोक्यावरही द्यायची. मुकादम तिथंच उभा होता, त्यानंही घमेल्यावर बसून पाय सरळ करून बघितला आणि गुडघा अर्ध्यातच अडकला. मग पुढच्या बैठकीला गडी पण आले.

टोळी कर्नाटकात गेल्यावर त्यातल्या एकीचा फोन आला. तिकडं पहाटे थंडी फार. "मॅडम, पाय आधी शेकायचे का आधी ओढायचे?" आधी चुलीपाशी शेका, थोडं चाला, मग ओढा, असं मी सांगितलं. आणि डावा हात विसरू नका, दिवसभर ऊस धरून तोच आवळलेला असतो.